पायात गोळा येतो? मेडिकलवरच्या वस्तूंचा रोखठोक हिशेब

इंदूरच्या कुठल्याही मेडिकलवर "रात्री पायाची बोटं वळतात, नस चढते" एवढं म्हणायचा अवकाश, काउंटरवर रांग लागते: मॅग्नेशियमच्या गोळ्या, दुखण्याचा स्प्रे, बोटांमध्ये अंतर ठेवणारे सिलिकॉनचे टो सेपरेटर, क्रेप बँडेज आणि वर गोड इलेक्ट्रोलाइटचं टेट्रापॅक. आमच्या मते यांपैकी दोन-तीन वस्तू ठरावीक लोकांच्याच कामाच्या आहेत. घाम गाळणाऱ्यांनी घरात ठेवण्यासारखी वस्तू म्हणजे साध्या ओआरएसची पुडी, आणि ती बहुतेक वेळा आपणहून मागावी लागते.

आधी दुखणं समजून घ्यावं, नाहीतर वस्तूची पारख होत नाही. स्नायू आधीच आखूड झालेला असताना मज्जातंतूने त्याला विनाकारण इशारा दिला की तो आणखी आकसतो. ताण वाढला की स्नायूला ढिला करणारा शरीरातला ब्रेक अशा आखूड स्नायूवर नीट लागत नाही, म्हणून गाठ पटकन सुटत नाही. झोपेत पाऊल आपसूक पुढे झुकतं, तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू आखूड होतात. त्यात जानेवारीच्या थंडीत जाड रजई पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचलेली असेल, तर बोटं आणखी खाली दाबली जातात. ती खोच मोकळी करायला पैसे पडत नाहीत.

गोळा आला त्या क्षणी बाजारातली कुठलीही वस्तू हाताच्या तोडीची नाही. पलंगावर बसून दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावं. बोटं टोकांना धरून ओढू नयेत, सांधे दुखावतात. पाचही बोटं मुळाशी पकडून नडगीच्या दिशेने वळवावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याची कमान दाबावी. साधारण अर्धा मिनिट तसंच धरून ठेवावं, झटके देऊ नयेत. पोटरीत गोळा असेल तर टाच जमिनीवर, चवडा भिंतीला, आणि अंग हळूहळू पुढे.

आता वस्तू. सगळ्यात जास्त खपतात मॅग्नेशियमच्या गोळ्या, आणि निराशाही त्यांचीच जास्त. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा वयस्कर माणसांच्या पेटक्यांत जाणवण्याजोगा फरक पडण्याची शक्यता कमीच दिसली. गरोदर बायकांबाबत निष्कर्ष उलटसुलट आले. पाकिटावर "मॅग्नेशियम ऑक्साइड 400 मिग्रॅ" असं असेल तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे 240 मिग्रॅ असतं, आणि ऑक्साइड आतड्यात नीट शोषलं जात नाही. पेटका राहतो आणि पोट मात्र साफ होतं! मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. तपासणीत मॅग्नेशियम खरोखर कमी निघालं तर गोष्ट वेगळी. एरवी आमच्याकडून पाचपैकी दीड गुण.

स्प्रेला एक. पेटका त्याने सुटत नाही. दुसऱ्या दिवशी जो ठणका उरतो तो थोडा बधिर होतो, इतकंच. स्प्रे मारून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कातडी भाजते. बऱ्याच स्प्रेंमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं आणि ते कातडीतून रक्तात उतरतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी असा स्प्रे टाळावा.

ओआरएसला साडेचार, पण घाम गाळणाऱ्यांसाठीच. मे महिन्यात भट्टीपुढे किंवा कढईपुढे उभं राहणारे, दुपारभर डिलिव्हरी करणारे, सकाळी लांब पळणारे, यांच्या पेटक्यांमागे पाणी आणि मीठ कमी पडणं हे कारण असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. पुडीवर हे आकडे जुळवून बघा. टेट्रापॅकमध्ये बहुधा साखर जास्त आणि मीठ कमी असतं. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात "ओआरएस" शब्द वापरायला मनाई केली. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी 200 मिलीत. अर्ध्या ग्लासात अख्खी मोठी पुडी ढवळणारे खूप आहेत. ते द्रावण इतकं दाट होतं की फायद्याऐवजी अपायच होतो. आणि हो, इंदुरी शिकंजीच्या भरवशावर राहू नका. ती दुधातली, सुकामेव्याची, चवीला उत्तम, पण लिंबू-मिठाच्या पाण्याची जागा घेत नाही. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचं हे पाणी विचारूनच. घाम न येता रात्री पंख्याखाली गोळा येत असेल तर पुडीचा उपयोग नाही.

सिलिकॉन सेपरेटरला तीन. चप्पल-बूट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं घातले तर दाटलेली बोटं मोकळी होतात. ते घालून तंग बुटात पाय कोंबला की उलट दाब वाढतो. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर अजिबात नको. घासून जखम झाली तरी कळत नाही. मुळात सेपरेटर घेण्याआधी बूट तपासावा. कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. बोटांची रेघ तळाबाहेर गेली तर दोष बुटाचा. सगळ्यात लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. सैल हवाई चपलेचा त्रास वेगळाच: ती निसटू नये म्हणून बोटं दिवसभर तिला चिमटीत धरून चालतात, आणि रात्री तीच बोटं वळतात. मागे पट्टा असलेली सँडल घेतलेली बरी.

क्रेप बँडेज बांधून झोपू नये. पायाच्या धमन्या आधीच अरुंद असतील तर त्या आवळण्याने नुकसान होतं. मलेरियावरची क्विनाइनची गोळी कुणी पेटक्यांसाठी सुचवली तर सरळ नाही म्हणा. प्लेटलेट्स घटणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं हे तिचे ज्ञात धोके आहेत.

बिनपैशाचा एक उपाय प्रयोगात उतरलेला आहे. नेदरलँड्समध्ये 55 वर्षांवरच्या लोकांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीमागचे स्नायू ताणले, आणि रात्रीचे पेटके कमी झाले. हा अभ्यास 2012 चा. प्रत्येक ताण दहा सेकंद, तीनदा, दोन्ही पायांना. चार दिवसांत फरक शोधू नये.

चालताना पोटरी दुखून थांबल्यावर लगेच बरं वाटत असेल तर तो पेटका नसून धमनीचा प्रश्न असू शकतो. एकच पाय सुजून गरम, लालसर झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, गुठळी असू शकते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी किंवा दम्याचा पंप सुरू झाल्यावर गोळे वाढले असतील तर औषध स्वतःहून बंद न करता तारखांसकट डॉक्टरांना सांगा. साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) या तपासण्यांबद्दलही तिथेच विचारून घ्या.