क्लिपरचा जुना कोड हार्बरवर आणला, त्याला आठ महिने झाले

आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, क्लिपर या तेव्हाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. ६४ बिट विंडोजवर १६ बिटची एक्झी (चालवायची प्रोग्राम फाईल) चालतच नाही, म्हणून दोन जुनी मशीन जिवापाड जपली होती. त्यातल्या एकाचा मदरबोर्ड ऐन मार्चअखेरीला गेला आणि मी हार्बर हातात घेतलं.

हार्बर हा क्लिपरशी जुळणारा, मोफत, मुक्तस्रोत कंपायलर. प्रकल्प १९९९ पासूनचा. पीआरजी फाईल, म्हणजे क्लिपरमध्ये लिहिलेला मूळ कोड (सोर्स), तो सी भाषेत उतरवतो, आणि पुढे जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर त्यातून त्या त्या सिस्टिमवर चालणारी एक्झी बनवतो. डीबीएफ, म्हणजे जुन्या डेटाच्या फायली, आहेत तशा उघडतात. आज काउंटरवर लिनक्स आहे, मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर विंडोज, आणि सोर्स एकच. स्क्रीन तीच, फंक्शन कीसुद्धा त्याच, त्यामुळे कॅशिअर ताईंना नव्याने काही शिकवावं लागलं नाही. सहामाही व्याज आकारणीला पूर्वी अख्खी दुपार जायची, आता चहा येईपर्यंत होते.

लिनक्सवर सुरुवातीला फायलीच सापडेनात, कारण तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. त्यासाठी आणि पाथमधल्या उलट्या तिरक्या रेघेसाठी हार्बरमध्ये तयार सेटिंग आहेत. ती सुरुवातीलाच टाकली आणि प्रश्न मिटला.

खरा घाम काढला तो एका शून्याने. दोन महिने जुनी आणि नवी सिस्टिम शेजारी शेजारी चालवून रोज संध्याकाळी तेरीज (ट्रायल बॅलन्स) ताडून बघत होतो. तेरीज पैशापर्यंत जुळायची, पण थकबाकी यादीत थकीत व्याजाचा रकाना कोरा शून्य. एरर काहीच नाही. चार दिवस शोधल्यावर कळलं: ही बेरीज ज्यात साठते त्या व्हेरिएबलच्या नावात 'व्याज'चं इंग्रजी स्पेलिंग एका फाईलीत एक 'ए' घालून होतं, दुसरीत दोन. क्लिपर नावाची पहिली दहाच अक्षरं बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी ते नाव एकच होतं. हार्बर त्रेसष्ट अक्षरांपर्यंत बघतो. त्याने दुसरं व्हेरिएबल गुपचूप तयार केलं, बेरीज त्यात गेली आणि छापलं गेलं पहिलं. जास्त इशारे देणारा 'डब्ल्यू ३' हा पर्याय लावून कंपाईल केलं असतं तर इशारा मिळतो, पण आमच्या कोडमध्ये प्रायव्हेट व्हेरिएबलांचा इतका सुळसुळाट की शेकडो इशाऱ्यांत तो बुडालाच असता. तरीही हे करणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं: दहा अक्षरांपेक्षा मोठी सगळी नावं आधी शोधून काढा, मगच डेटाला हात लावा.

पासबुक छपाई माझ्या भीतीपेक्षा सोपी निघाली. थेट एलपीटी१ या प्रिंटर पोर्टवर छापण्याऐवजी आता फाईलीत लिहितो आणि ती लिनक्सच्या 'एलपी' कमांडने रॉ, म्हणजे जशीच्या तशी, प्रिंटरला पाठवतो. बारीक अक्षरांसाठीचा कॅरेक्टर १५ हा संकेत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला अजूनही बरोबर समजतो.

त्रास दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे हार्बरचं डॉक्युमेंटेशन तोकडं; बऱ्याच गोष्टी सोर्ससोबतच्या टेस्ट फायली वाचूनच कळल्या. दुसरं, मेन्यूसाठी विकत घेतलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) आमच्याकडे फक्त १६ बिट स्वरूपात होती, सोर्स नव्हता. ती जोडताच येत नाही. मेन्यू पुन्हा लिहायला तीन आठवडे गेले. तुमच्या संस्थेत पीआरजी फायली कुठल्या फ्लॉपीवर किंवा कोणाच्या कपाटात आहेत ते आजच विचारून घ्या. त्यांच्याशिवाय हार्बर काहीच करू शकत नाही.