जांभळं फाउंटन गवत आणि वाळा: पुण्याच्या बागेत कोण टिकतं?

सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत जांभळं फाउंटन गवत, म्हणजे जांभळ्या पात्यांचं शोभेचं गवत, पिशवीत मिळतं. उन्हाळ्यात पाणी कमी मिळणाऱ्या बागेसाठी ही खरेदी चांगलीच, पण पिशवी उचलून मुळं बघा. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते रोप घेऊ नका. पिशवीतली लाल चिकणमाती तशीच ठेवून रोप काळ्या मातीत लावलं, की तो गोळा वाळून कडक होतो, पाणी बाजूने निघून जातं आणि भर पाण्यात रोप सुकतं. म्हणून गोळा बादलीत अर्धा तास भिजवून बाहेरची माती हाताने मोकळी करा.

खड्डा दीड फुटी. दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम, मूठभर शेणखत. जास्त खत घातलं की पाती लोळतात. दोन रोपांत अडीच फूट अंतर हवं. गड्डा जमिनीपेक्षा इंचभर उंच बसवा, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये बुंधा कुजतो. ऊन किमान सहा तास. सावलीत जांभळा रंग हिरवट पडतो. पहिले दोन महिने दर तिसऱ्या दिवशी पाणी, नंतर मे महिन्यातही आठवड्यातून एकदा, पण खोलवर. फेब्रुवारीत सहा इंचांवर छाटणी.

हिरवा फाउंटन प्रकार मात्र घेऊच नये, बी पडून भराभर पसरतो. उतारावर माती धरायला आपला वाळाच सरस: मुळं सरळ खोल जातात, दुष्काळही सोसतो. दिसायला साधा, एवढंच.