बाबांचा जुना कॅनन आता इन्फ्रारेड टिपतो

बाबांचा कॅनन पॉवरशॉट ए ५९० आयएस कपाटात पडून होता. आठ मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मी खानापूर तालुक्यात विज्ञान शिकवते. पानं इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात कशी दिसतात हे मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं, असं बरेच दिवस मनात होतं. गणपतीच्या सुट्टीत बेळगावला गेले तेव्हा बाजारातल्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात तो नेऊन दिला.

"काय ओ मॅडम, चालू कॅमेरा बिघडवून घेताय की!" हे दुकानातल्या मामांचं पहिलं वाक्य. काम समजावल्यावर मात्र ते मन लावून बसले. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला इन्फ्रारेड मुळात दिसतंच. फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी त्याच्यासमोर ते अडवणारी निळसर काच बसवते. ती काढून तिथे फक्त इन्फ्रारेड आत सोडणारी, काळी दिसणारी काच घालायची, एवढंच काम. मी ७२० नॅनोमीटरची, म्हणजे साधारण त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारी काच आधीच मागवली होती.

मामांनी कव्हर उघडलं आणि आधी फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर शोधला. सेल काढले तरी त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. पंधरा वॅटच्या बल्बच्या दोन वायरी त्यांनी त्याच्या टोकांना लावल्या. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. "आता हात लावायचा," म्हणाले. घरी स्वतः कॅमेरा उघडायच्या विचारात कुणी असेल, तर एवढं पाहून तरी थांबा.

पहिल्या खेपेला काम फसलं. हातातलं पान सुरेख फोकस व्हायचं, पण बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड धरला की तट पुसट. चूक माझी होती, मी आणलेली काच मूळ काचेपेक्षा बरीच पातळ होती. काच पातळ झाली की प्रतिमा सेन्सरच्या अलीकडेच पडते, लेन्सला तेवढं मागे सरकता येत नाही आणि लांबचं सगळं अंधुक राहतं. मामांनी मूळ काच जपून ठेवली होती. ती कॅलिपरने मोजून दिली, त्याच जाडीची मी पुन्हा मागवली. दुसऱ्यांदा उघडायचे त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत. दोन्ही काचा आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी बारा वाजता, पुन्हा येळ्ळूरला गेले. एरवी त्या उन्हात कुणी फोटो काढत नाही. स्क्रीनवर आधी सगळं लालभडक दिसलं. उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे हे गवतच पांढरं धर असं कॅमेऱ्याला सांगितलं, आणि लाली गेली. पोसवलेलं भात बर्फासारखं पांढरं, बांधावरची बाभळही पांढरी, आभाळ जवळजवळ काळं आणि गडाचा तट लख्ख. पानातलं हरितद्रव्य इन्फ्रारेड शोषत नाही, आतल्या पेशींवरून ते परत फिरतं, म्हणून हे पांढरेपण. याला वूड इफेक्ट म्हणतात. लाकडाचा इथे संबंध नाही. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्याचं हे नाव. वर्गात एका मुलाचं काळं दप्तर फोटोत पांढुरकं आलं तेव्हा जो गलका झाला, त्यातच माझे पैसे वसूल झाले. टीव्हीच्या रिमोटचा एरवी न दिसणारा इन्फ्रारेड दिवाही सगळ्यांनी रांग लावून बघितला.

कॉम्पॅक्ट कॅमेरा यासाठी खरंच सोयीचा. तो सेन्सरवरच्या प्रतिमेवरून फोकस करतो, त्यामुळे वेगळं जुळवत बसावं लागत नाही. न बदललेल्या कॅमेऱ्यावर बाहेरून फिल्टर लावला तर स्टँड आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, इथे हातात धरून फोटो येतो. मात्र ढगाळ दिवशी सगळं करडं आणि सपाट येतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो पेटीतच राहणार.

माझ्या कॅमेऱ्यात धुळीचा एक कण राहिलाय, काळ्या आभाळात उजवीकडे ठिपका दिसतो. मामा काढून द्यायला तयार आहेत, पण तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा उघडायला मन होत नाही. तुम्ही गेलात तर काच मागवण्याआधी मामांकडून कॅमेरा उघडून मूळ काचेची जाडी मोजून घ्या, आणि सकाळीच जा. संध्याकाळी दुकानात मोबाइलवाल्यांची गर्दी असते.