व्हायरसटोटल : होमस्टे आणि आंबेवाल्यांच्या मेलबॉक्ससाठी कितपत कामाचं?

मे महिन्यात तारकर्ली-गुहागरच्या होमस्टेवाल्यांचा आणि देवगडच्या बागायतदारांचा मेलबॉक्स एकदमच भरतो. ‘आधार जोडलं आहे’, ‘खोलीबद्दल तक्रार, फोटो बघा’, ‘200 पेट्यांची ऑर्डर, तपशील झिपमध्ये’. यातलं काय उघडायचं हे ठरवायला व्हायरसटोटल ही मोफत साइट हाताशी असावी. 2004 साली स्पेनमध्ये सुरू झाली, 2012 पासून गूगलकडे आहे. फाइल किंवा लिंक दिली की साठ-सत्तर अँटिव्हायरसचा निकाल एकत्र मिळतो. खातं उघडायची गरज नाही.

लिंकसाठी ती जास्त चांगली. मेलमधल्या लिंकवर नुसतं क्लिक न करता कॉम्प्युटरवर राइट-क्लिक, मोबाइलवर दाबून धरून पत्ता कॉपी करा आणि ‘यूआरएल’ टॅबमध्ये पेस्ट करा. किती अँटिव्हायरसना धोका दिसला, तो नुसता आकडा बघून उठू नका. ‘डिटेल्स’मध्ये ‘फायनल यूआरएल’ दिसतो, म्हणजे छोटी लिंक शेवटी कुठे नेऊन सोडते ते. तिथे पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच डावीकडचं नाव वाचा. ‘बँकेचंनाव.केवायसी-अपडेट.टॉप/लॉगिन’ यात मालक ‘केवायसी-अपडेट.टॉप’ आहे, बँक नव्हे. निकाल जुन्या तारखेचा असेल तर ‘रीअ‍ॅनलाइझ’ दाबा. पासवर्ड बदलायची किंवा खाजगी ड्राइव्हची लिंक मात्र इथे टाकू नये, ती इतरांना दिसू शकते.

खरी गोची शून्यात आहे. आठ-दहा इंजिनांनी (म्हणजे अँटिव्हायरसांनी) लाल केलं तर मेल उडवा. एखाद्याच अनोळखी इंजिनाने केलं तर तो खोटा इशाराही असू शकतो. पण शून्य म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे, ‘अजून कोणी पकडलं नाही’ एवढंच. आज सकाळी उभं केलेलं खोटं लॉगिन पान दुपारपर्यंत शून्यावरच असू शकतं. मार्च 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटेलवाल्यांवरच्या अशाच मोहिमेची माहिती दिली होती: पाहुण्याच्या तक्रारीचा मेल, लिंकवर ‘मी रोबोट नाही’ची चौकट आणि मग सूचना: विंडोज-आर दाबा, कंट्रोल-व्ही, एंटर. हानिकारक आज्ञा त्या पानाने आधीच क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) ठेवलेली असते, ती चालवणारा हात आपलाच. असं सांगणारं पान दिसलं की निकालाची वाट न बघता टॅब बंद.

अटॅचमेंटच्या बाबतीत आम्ही हात राखून शिफारस करू. अपलोड केलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते. वैयक्तिक माहिती देऊ नका असं साइटवरच लिहिलेलं आहे. पाहुण्याचं आधार तिथे टाकणं म्हणजे ते चव्हाट्यावर ठेवणं. पीडीएफ आणि वर्ड फाइल जीमेलच्या प्रीव्ह्यूमध्येच बघाव्यात, तिथे मॅक्रो (फाइलमध्ये दडलेले छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. (आतल्या लिंका मात्र चालतात.) संशय आलाच तर फाइल उतरवा, उघडू नका, सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने तिचा एसएचए-256 (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढा आणि ती 64 अक्षरं ‘सर्च’मध्ये शोधा. फाइल आपल्याकडेच राहते, आणि रेंजची एकच काडी असली तरी काम होतं. काहीच सापडलं नाही तर फाइल नवी आहे, इतकंच कळलं. आधारसाठी ते साहजिक. ‘बिल’ म्हणून आलेल्या प्रोग्रॅमसाठी वाईट लक्षण.

फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार) विंडोज लपवतं, म्हणून ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ हा प्रोग्रॅम नुसता ‘फोटो.जेपीजी’ दिसतो. विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा.

पासवर्ड लावलेली झिप, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये? इथे व्हायरसटोटलला आतलं बहुधा दिसतच नाही. तो पासवर्ड स्कॅनरला आत शिरू न देण्यासाठीच असतो. ऑर्डर खरी वाटत असेल तर त्या पार्टीला आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नको. एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल जीमेल अटॅचमेंट म्हणून घेतच नाही, म्हणून ती ड्राइव्हच्या लिंकवरून येते; ऑर्डरचा तपशील कोणी एपीकेमध्ये पाठवत नसतो.