क्षार ओळखण्याची ड्रॉपरपेटी: शाळेत वर्षभर वापरल्यावर

आयन (क्षारातले विद्युतभारित कण) ओळखण्याच्या चाचण्यांसाठी छोट्या ड्रॉपर-बाटल्यांची तयार पेटी आम्ही शाळा सुरू होताना घेतली. आता वर्ष संपत आलंय. पेटीत काय काय मिळतं ते विकणारा सांगतोच. त्यातलं काय टिकतं, ते मात्र वापरल्यावरच कळतं.

सगळ्यात मोलाचा निघाला ड्रॉपर. झिंक आणि ॲल्युमिनिअम, दोन्हींच्या द्रावणांत सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की पांढरा, चिकट अवक्षेप (द्रावणातून वेगळा पडणारा घन पदार्थ) येतो आणि जास्त घातलं की विरघळून जातो. मोठ्या बाटलीतून ओतलं तर अवक्षेप दिसायच्या आतच नाहीसा होतो आणि मुलं वहीत ‘बदल नाही’ लिहून मोकळी होतात. थेंबाथेंबाने घातल्यावर दोन्ही टप्पे स्वच्छ दिसतात. मग अमोनियाचं द्रावण घ्यायचं: जास्त अमोनियात झिंकचा अवक्षेप विरघळतो, ॲल्युमिनिअमचा तसाच राहतो. एवढ्यासाठीसुद्धा पेटी घ्यावी.

चुन्याच्या निवळीची बाटली मात्र पार निकामी ठरली. झाकण उघडझाप करताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो, वर पांढरी साय धरते आणि निवळीचा जोर जातो. ती ताजी करून घेतलेलीच बरी. फेरस सल्फेटचंही तेच. फिकट हिरवं द्रावण हळूहळू पिवळसर झालं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर मळकट हिरव्याऐवजी तांबूस तपकिरी अवक्षेप आला. एका मुलीने ‘फेरिक’ (हवेमुळे फेरस लोहाचं होतं ते रूप) लिहिलं. तिचं बरोबर होतं, बाटलीवरची चिठ्ठी चुकीची झाली होती! सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत असल्याने शाबूत राहिलं. बोटांवर त्याचे काळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत, त्यामुळे हातमोजे हवेतच. बेरिअम क्लोराइड विषारी. त्याचं उरलेलं द्रावण आम्ही वेगळ्या भांड्यात जमा करतो.

खरी तक्रार वेगळीच. पेटीत आम्ल एकच, विरल हायड्रोक्लोरिक. बेरिअम क्लोराइडने सल्फेट तपासायला ते ठीक. पण सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड तपासताना तेच आम्ल घातलं, तर त्यातल्याच क्लोराइडमुळे प्रत्येक नळीत पांढरा अवक्षेप येणार. आम्ल तर लागतंच, नाहीतर कार्बोनेटही पांढरा अवक्षेप देतं. तिथे विरल नायट्रिक आम्ल हवं. माहितीपत्रकात याचा अवाक्षरही नाही.

सोबतचा रंगतक्ता मी कपाटात टाकला. सिल्व्हर नायट्रेटने येणारे ब्रोमाइडचा फिकट पिवळसर आणि आयोडाइडचा पिवळा हे अवक्षेप ट्यूबलाइटखाली जवळजवळ सारखेच दिसतात, आणि मुलं नळीपेक्षा तक्त्याकडेच जास्त बघतात. ज्योत परीक्षेसाठी (क्षार ज्योतीत धरून रंगावरून धातू ओळखायला) निक्रोमची तार आणि निळी कोबाल्ट काच दिली आहे. सोडियमच्या पिवळ्यात पोटॅशिअमची जांभळट छटा बुडते, तेव्हा ही काच कामी येते. बाकी त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी हीच पेटी मागवणार. फक्त आल्या आल्या निवळीची आणि फेरसची बाटली बाहेर काढून तिथे विरल नायट्रिक आम्ल ठेवणार.