घरातल्या रेल्वेसाठी एनसीईचा पॉवर कॅब

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली, छोटी रेल्वे मांडताना ती डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीनेच चालवायची असे मी ठरवले होते आणि त्यासाठी एनसीई या कंपनीचा पॉवर कॅब, म्हणजे हातात धरून गाड्या चालवायच्या कंट्रोलरचा संच, घेतला. या पद्धतीत रुळांतून वीज सतत खेळती असते, आदेशही त्याच विजेतून जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर त्यातून आपल्या क्रमांकाचा आदेश तेवढा उचलतो. त्यामुळे एकाच रुळावर एक गाडी धावत असताना दुसरी थांबवून ठेवता येते.

जोडणीला अर्धा तास पुरला. मांडणीच्या कडेला बसवायच्या पॅनेलमागे रुळाच्या दोन तारा आणि अडॅप्टरची पिन लावायची, पुढच्या डाव्या सॉकेटमध्ये कंट्रोलरची सहा तारांची केबल खोचायची, की झाले. नव्या इंजिनाचा क्रमांक बहुधा ३ असतो.

मला खरा वेळ लागला तो दोष शोधायला. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या एका सांध्यावरून मोठे इंजिन गेले की कंट्रोलरचा पडदा विझायचा आणि संच नव्याने सुरू व्हायचा. मी कंट्रोलरवरच संशय घेत राहिलो. शेवटी खोलीतले दिवे मालवून, सांध्याशी डोळे नेऊन पाहिले, तेव्हा चाकाखाली बारीकशी निळी ठिणगी दिसली. विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ जिथे अगदी जवळ येतात, तिथे चाक दोन्हींना एकदम टेकून शॉर्ट सर्किट होत होते. रुळाच्या तेवढ्याच भागावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि त्रास थांबला. मात्र ते झिजते, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावे लागते.

दुसरी अडचण वेगळी होती. जोडीने चालवलेल्या दोन इंजिनांपैकी एक मी नंतर एकटे चालवायला घेतले, तर त्याचे दिवे लागत, भोंगा वाजे, पण चाके हलत नसत. जोडीचा क्रमांक डिकोडरच्या सीव्ही १९ मध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या १९ क्रमांकाच्या नोंदीत, तसाच राहिला होता. तिथे ० भरताच ते धावू लागले. असे इंजिन बिघडले म्हणून परत पाठवण्याआधी ही एक नोंद अवश्य तपासावी.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकचा, म्हणजे इंजिनाचा क्रमांक आणि इतर सेटिंग बदलायच्या रुळाचा, पर्याय निवडला की या संचात सगळी मांडणीच प्रोग्रॅमिंगची होते, म्हणून बाकीची इंजिने आधी रुळावरून उचलावीत, नाहीतर सर्वांना एकच क्रमांक बसतो. शिवाय आदेश तयार करणारी यंत्रणा हातातल्या कंट्रोलरमध्येच असल्यामुळे त्याची केबल काढली की सगळी रेल्वे थांबते. माझ्यासारख्या एका भिंतीपुरत्या मांडणीला त्याने काही अडत नाही. गाडीबरोबर खोलीभर फिरत, केबल या सॉकेटातून त्या सॉकेटात लावत चालवायचे असेल, तर मात्र आदेश तयार करण्याचे काम स्वतःकडे घेणारा याच कंपनीचा ५ अँपिअरचा स्मार्ट बूस्टर सोबत घ्यावा.