तळं आणि वाफ्यांच्या कामात आम्हाला कसं फसवलं, काम झाकण्याआधी हे वाचा

परसात छोटं तळं करायचंय किंवा जुने वाफे नव्याने भरून घ्यायचेत असं ज्यांच्या डोक्यात चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबलचक होईल, पण पूर्ण वाचा. आम्ही दोन्ही कामं एकाच ठेकेदाराला दिली होती आणि दोन्हीत फसवलो गेलो. घराचा रंग वाईट दिला तर भिंतीवर लगेच दिसतं, पण इथे लायनर, म्हणजे पाणी जिरू नये म्हणून तळ्यात अंथरायचं रबरी किंवा प्लास्टिकचं आवरण, दगडाखाली जातो, पंप पाण्याखाली जातो, खराब माती चांगल्या मातीखाली जाते आणि हे त्या माणसाला पक्कं माहीत असतं. त्याने जिथे जिथे हात मारला ती प्रत्येक जागा झाकली जाणारी होती, वरचं काम मात्र बघतच राहावं असं.

तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल ठरलं होतं. बोलताना म्हणाला, "ताई, रबरी लायनर टाकणार, १ एमएमचा ईपीडीएम, वर्षानुवर्षं बघायला नको." आणि कोटेशनमध्ये लिहिलं काय तर "लायनर, उत्तम क्वालिटी". मी म्हटलं जाडी आणि प्रकार लिहून द्या, तर कोटेशन बदललं नाही पण मेसेज केला त्याने, आणि पुढे भांडणात तो एक मेसेजच उपयोगी पडला.

लायनर किती लागतो याचा हिशोब सोपा आहे, कुणीही करू शकतं. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि वर दोन्ही काठांना धरून ६० सेंटिमीटर, रुंदीचंही तसंच. म्हणजे आमच्या तळ्याला ४.८ बाय ३.८ मीटरचा अखंड तुकडा हवा होता. बिलात तेवढाच लावला होता. लायनर टाकायच्या आधी मला बोलवा, मला बघायचंय, असं मी सांगून ठेवलेलं, तरी मी बाहेर गेलेली असताना त्याच्या माणसांनी लायनर टाकून वर दगडही रचून टाकले. परत येऊन बघते तर पाणी भरायला सुरुवात. विचारलं तर म्हणे पावसाचं काही खरं नाही म्हणून घाई केली!

मग पाणी उतरायला लागलं. फोन केला की एकच उत्तर, "ताई, ऊन आहे, पाणी उडतंच." आता पाणी उडतं हे खरंच आहे, कडक ऊन आणि वारा असला तर दिवसाला अर्धा ते एक सेंटिमीटर जाऊ शकतं, म्हणून आधी विश्वास बसतो. पण याची खात्री करता येते. एक बादली भरून तळ्यातल्याच पायरीवर ठेवायची, आत पाणी आणि बाहेर पाणी, दोन्हीकडे पातळीची खूण करायची, पंप बंद ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. उडत असेल तर दोन्हीकडे सारखंच उतरेल. आमच्या बादलीतलं पाणी खुणेपासून जेमतेम हललं होतं आणि तळं बोटभर खाली गेलेलं, खुणेसकट फोटो काढून पाठवला तर त्यावर उत्तरच नाही. नंतर आम्ही पाणी भरायचंच थांबवलं, कारण गळकं तळं उतरत उतरत भोकाच्या पातळीला येऊन थांबतं, मग त्या रेषेवर गोल फिरून बघितलं की जागा सापडते. आमचं जिथे थांबलं तिथले दगड माळीकाकांनी उचलले आणि खाली काय निघालं तर प्लास्टिकचे दोन तुकडे, मध्ये चिकटपट्टीने जोडलेले, चिकटपट्टी एका टोकाला सुटून वर आलेली. खाली जाड कापडाचा थर म्हणजे अंडरले नावालाही नाही, टोकदार खडी सरळ प्लास्टिकला टोचत होती. रबर आहे की प्लास्टिक हे कडेचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून कळतं, रबर सोडलं की मागे येतं, हे जे होतं ते ताणलं तसंच लांब होऊन राहिलं.

खोलीतही तेच. काठी घालून मोजली तर जेमतेम ४० सेंटिमीटर. खोदायची मजुरी वाचवली आणि बिल पूर्ण ६० चं. यात फक्त मजुरीचा प्रश्न नाही, उथळ पाणी पटकन तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि शेवाळं फोफावतं, म्हणजे पुढचा सगळा त्रास आपल्यालाच. शिवाय पाण्याचा आकडा बदलतो. ३ गुणिले २ गुणिले ०.६ म्हणजे ३.६ घनमीटर, ३६०० लिटर, तेही बाजू सरळ उभ्या धरल्या तर, उतार असला की अजून कमी. ४० सेंटिमीटरला जास्तीत जास्त २४०० लिटर. आणि या माणसाने फिल्टर, औषधं, बाटल्या सगळं "दहा हजार लिटरचं तळं" म्हणून लावलं होतं! कुणी लिटरचा आकडा सांगितला की कागदावर हा गुणाकार करून बघा, दोन मिनिटं लागतात.

पंपाचं वेगळंच. खोक्यावर तासाला किती लिटर हा जो मोठा आकडा असतो तो पंपाला पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा असतो. त्याच्या शेजारी एच मॅक्स लिहिलेलं असतं, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी नेतो, आणि त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. छोटा धबधबा हवा असेल तर धबधब्याच्या उंचीला किती लिटर मिळतात ते विचारायचं, कंपन्या तसा तक्ता देतात. साध्या तळ्यात दर दोन तासांनी सगळं पाणी एकदा फिरलं पाहिजे असा साधारण हिशोब धरतात. आमचा धबधबा ओघळासारखा यायला लागला म्हणून पंप बाहेर काढला तर त्यावरचा स्टिकर थोडा वाकडा दिसला, नखाने कोपरा उचलला, खाली दुसरा स्टिकर, आणि त्यावरचा आकडा वरच्या आकड्याच्या निम्मासुद्धा नाही. आतल्या पंख्यावर पांढरा क्षार साठलेला होता, म्हणजे पंप कुठेतरी वापरून झालेला. मला सगळ्यात जास्त राग याचा आला, लायनरला निदान घाई झाली असं तरी म्हणता येतं, स्टिकरवर स्टिकर कुणी घाईत लावत नाही.

आणि मासे. पाणी भरलं त्याच संध्याकाळी तो पिशव्या भरून गोल्डफिश घेऊन आला, म्हणाला मासे सोडले की तळ्याला जीव येतो. पाणी थेट नळाचं, क्लोरीनवालं. मासे मरायला लागल्यावर पाण्यात ओतायची पहिली बाटली विकली, मग दुसरी, मग "रोग आलाय" म्हणून औषध, मग नवीन मासे. रोग वगैरे काही नव्हतं हो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू नवीन तळ्यात जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत भरपूर मासे सोडले की ते स्वतःच्याच घाणीत गुदमरतात. हे त्याला माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही, कारण त्याचा धंदाच त्यावर चालला होता, मासे मेले की बाटली, बाटली संपली की मासे. मुकी जनावरं मरत होती आणि हा दर वेळी बिल करत होता. थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं आणि नायट्राइटचं किट मिळतं, ते आणा, आधी अगदी मोजके मासे सोडा आणि अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही परत शून्य दिसेपर्यंत मासेवाल्याला पुन्हा दारात उभं करू नका. पुढचे सोडतानाही थोडे थोडे सोडा.

आता वाफ्यांचं. खरं तर नुकसान इथे मोठं झालं, कारण लायनर परत आणता येतो, माती तयार व्हायला वर्षं जातात. आमच्या जुन्या वाफ्यात वरचा जवळजवळ ३० सेंटिमीटरचा थर काळा, भुसभुशीत, गांडुळं असलेला होता, वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि कंपोस्ट घालून केलेला. तो म्हणाला ताई, ही माती मेलीय, कीड लागलीय, काढून टाकतो आणि नवीन मिक्स माती भरून देतो. ट्रॉलीत भरून घेऊन गेला. ती माती त्याने दुसऱ्याच्या बागेत भरली हे त्याच्याच एका मजुराकडून नंतर कळलं, आणि आम्हाला भरून दिली ती तळ्याच्या खड्ड्यातून निघालेली खालची पिवळट मुरुमाड माती, वर बोटभर लाल माती आणि त्यावर कोकोपीट पसरून. दिसायला अगदी फोटोसारखे वाफे! पाणी घातलं की वरच तुंबायचं, वाळलं की पापुद्रा धरायचा. रोपं पिवळी पडली तेव्हा माळीकाकांनी खुरपं मारलं तर दोन-तीन इंचावर खट्ट आवाज आला. एक जास्वंद उपटून बघितली तर नर्सरीची काळी पिशवी मुळांना तशीच, खालून फक्त एक चीर दिलेली, मुळं आत गोल गोल गुंडाळलेली. मग सगळीच काढली, बहुतेकांची तीच गत. त्या मातीबरोबर लव्हाळा आला तो अजून जात नाहीये, कारण त्याच्या गाठी जमिनीत खोल राहतात आणि वरून उपटलं की परत फुटतो.

माती बघायची एक साधी पद्धत माळीकाकांनी दाखवली. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, थोडा साबण, दणकून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, मग काही तासांत गाळ, चिकण माती दिवसभर किंवा जास्त वेळ पाणी गढूळ ठेवते, काडीकचरा आणि सेंद्रिय भाग वर तरंगतो. आमच्या बरणीत खाली खडे, वर पिवळा गढूळपणा आणि तरंगायला जवळजवळ काहीच नाही. ट्रॉली रिकामी करण्याआधी हे करा. मातीचा आकारही मोजून घ्या, ४ मीटर बाय १ मीटरचा वाफा ३० सेंटिमीटर भरायला १.२ घनमीटर माती लागते, बिलात किती लावलीय ते ताडून बघा. आणि स्वतःच्या वाफ्यातली वरची काळी माती कुणी कितीही नावं ठेवली तरी गेटबाहेर जाऊ देऊ नका, एका कोपऱ्यात ढीग करून ताडपत्रीने झाका.

आमचं पुढे काय झालं तर शेवटचा हप्ता काम तपासल्याशिवाय देणार नाही हे आधीच ठरलेलं होतं, तो मी थांबवला. त्यावर त्याने आवाज चढवला, "साहेबांशी बोलतो, तुम्हाला यातलं कळत नाही" वगैरे. मी मेसेज, बादलीचा फोटो, चिकटपट्टीचा फोटो आणि पंपाच्या दोन स्टिकरचे फोटो एकत्र पाठवले आणि ग्राहक तक्रार करतेय असं लिहिलं. पंपाचे पैसे परत आले. बाकीचे आले नाहीत, नंतर नंबर बंद. तक्रार केलीय, चालू आहे.

नवीन माणसाशी बोलताना आता आम्ही पैशाचे टप्पे तारखेवर ठेवले नाहीत, झाकण्यावर ठेवलेत. खड्डा मोजून झाला की एक हप्ता, लायनर उघडा असताना पाणी भरून दोन दिवस पातळी टिकली की दुसरा, माती भरण्याआधी ढीग बघितला की तिसरा. पंप आपण स्वतः दुकानातून आणायचा, बिल आणि वॉरंटी आपल्या नावावर, आणि त्याच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावायचा, पाण्यात वीज आहे, यात काटकसर नको. हा माणूस कुरकुर न करता तयार झाला, आधीच्याला मी फक्त जाडी लिहून मागितली होती तर तो किती टाळत होता ते आठवलं.

ज्यांचं काम आत्ता चालू आहे आणि लायनर अजून उघडा आहे त्यांनी आजच टेप घेऊन बाहेर जा. खड्ड्यात टेप धरून फोटो काढा, लायनरवरचा छापील मजकूर दिसेल असा दुसरा काढा, आणि काठाचा कापून उरलेला तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नका, तारीख लिहून घरात ठेवा. उद्या दगड लागले की तो तुकडा सोडून तुमच्याकडे दाखवायला काही उरणार नाही.